शॉर्ट क्रीक : घर कोणाच्या नावावर?

२६ जुलै १९५३ ची पहाट. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्याच्या उत्तर टोकाला, तांबड्या कड्यांच्या पायथ्याशी वसलेले एक वाळवंटी गाव. चंद्राला ग्रहण लागलेले. त्या अंधारात शंभराहून अधिक पोलीस आणि नॅशनल गार्डचे जवान मोटारींच्या लांबलचक रांगेतून गावाकडे निघाले होते. त्यांच्यासोबत खास बोलावून आणलेले वार्ताहर आणि छायाचित्रकारही होते.

गाव झोपेत सापडेल, अशी अधिकाऱ्यांची अपेक्षा होती. पण गावाला आधीच सुगावा लागला होता. टेहळणीवर बसलेल्यांनी सुरुंगाचे बार उडवून इशारा दिला. पोलीस पोहोचले तेव्हा गावकरी शाळेच्या आवारात राष्ट्रध्वजाजवळ जमून स्तोत्रे गात उभे होते. वस्ती जेमतेम ४०० माणसांची. त्यांपैकी २६३ मुले सरकारने ताब्यात घेतली.

या गावाचे नाव शॉर्ट क्रीक. आज त्याची दोन गावे झाली आहेत : ॲरिझोनातील कोलोराडो सिटी आणि युटामधील हिल्डेल. मधून जाते ती केवळ नकाशावरची रेषा, ३७ अंश उत्तर अक्षांशाची. बहुपत्नीत्व हे ईश्वराचे आज्ञापालन मानणाऱ्या मूलतत्त्ववादी मॉर्मनांनी हे गाव घडवले. एका छोट्या पंथाने सरकारला पन्नास वर्षे दाराबाहेर कसे ठेवले आणि अखेर ते दार कशामुळे उघडले, याची ही कहाणी आहे. पंथाइतकीच ती जमिनीच्या कागदांचीही आहे.

आधी भूगोल. ग्रँड कॅन्यन ही प्रचंड घळ ॲरिझोनाचा वायव्य कोपरा उरलेल्या राज्यापासून तोडून टाकते. या तुटलेल्या पट्ट्याला ‘ॲरिझोना स्ट्रिप’ म्हणतात. शॉर्ट क्रीक ज्या मोहावी परगण्यात येते, त्याचे मुख्य ठाणे किंगमन घळीच्या पलीकडे. रस्त्याने तेथे जायचे तर शेजारच्या राज्यांतून शेकडो मैलांचा वळसा. म्हणजे शेरीफने गावात यायचे ठरवले, तरी प्रवासातच त्याचा दिवस सरायचा. मूळचा हा मुलूख दक्षिणी पायूट लोकांचा. गावाला नाव मिळाले ते थोडे अंतर वाहून वाळूत जिरणाऱ्या ओढ्यावरून. १९१३ च्या सुमारास पाण्याच्या आशेने पहिले गोरे वसाहतकार येथे आले. ते गुरे पाळणारे, शेती करू पाहणारे साधे लोक होते. पंथाचा वाद गावात आला तो नंतर.

तो वाद समजण्यासाठी शतकभर मागे जावे लागते. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात मॉर्मन चर्चची स्थापना केली. बहुपत्नीत्वाविषयीचा ‘ईश्वरी संदेश’ त्यांनी १८४३ मध्ये लिहवून घेतला. पुढच्याच वर्षी इलिनॉय राज्यातील कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्यांची हत्या केली. ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली अनुयायांचा मोठा गट पश्चिमेकडे निघाला आणि १८४७ च्या जुलैमध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचला. तेथे, वॉशिंग्टनपासून दूर, १८५२ साली त्यांनी बहुपत्नीत्वाचा उघड पुरस्कार केला.

संघीय सरकारने त्यावर एकामागून एक कायदे केले : १८६२, १८८२, १८८७. शेवटच्या कायद्याने तर चर्च ही कायदेशीर संस्थाच बरखास्त केली आणि तिची मालमत्ता जप्त करण्याची तरतूद केली. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे, कारण मॉर्मन चर्च नमले ते मालमत्तेवर घाला आल्यावर. चर्चचे अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी १८९० मध्ये जाहीरनामा काढून नव्या बहुपत्नी विवाहांना पाठिंबा काढून घेतला. १८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला.

या कायदेशीर लढाईचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. १८७९ च्या रेनॉल्ड्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने श्रद्धा आणि कृती यांत भेद केला : श्रद्धेला कायदा हात लावू शकत नाही, कृतीला लावू शकतो. उदाहरण म्हणून निकालपत्राने चक्क सतीप्रथेचा विचार केला आहे. पतीच्या चितेवर जळणे हे आपले धर्मकर्तव्य आहे असे एखादी स्त्री मानत असेल, म्हणून शासनाने तिला अडवू नये काय, असा न्यायालयाचा प्रश्न होता. त्याच निकालात बहुपत्नीत्व ही जवळजवळ सर्वस्वी आशियाई आणि आफ्रिकी लोकांची रीत असल्याचा शेराही आहे. युटातील एका गोऱ्या माणसाला दोषी ठरवताना आशियाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची ही तऱ्हा त्या काळाविषयी बरेच काही सांगते.

१८९० च्या डेव्हिस विरुद्ध बीसन या मॉर्मनांशीच संबंधित खटल्यात हा भेद पुन्हा अधोरेखित झाला. पुढे मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदूंमधील द्विभार्या विवाहांवर बंदी घातली, तेव्हा त्या कायद्याला आव्हान मिळाले. पुत्रप्राप्ती ही हिंदूंची धार्मिक गरज आहे, हा त्यातील एक युक्तिवाद होता. १९५१ च्या नरसू अप्पा माळी खटल्यात न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी तो फेटाळला. पुत्र दत्तकही घेता येतो, असे उत्तर देत छागलांनी श्रद्धा आणि आचार यांतील भेदासाठी याच अमेरिकी खटल्याचा आधार घेतला. म्हणजे शॉर्ट क्रीकवर पोलीस चालून जाण्याच्या दोनच वर्षे आधी मुंबईच्या न्यायालयात मॉर्मनांचा दाखला दिला गेला होता.

आता पुन्हा वाळवंटात.

१८९० चा जाहीरनामा सर्वांनाच मान्य झाला नाही. लोरिन वुली नावाच्या अनुयायाने पुढे सांगितले, की चर्चचे तिसरे अध्यक्ष जॉन टेलर १८८६ मध्ये भूमिगत असताना त्यांना बहुपत्नीत्व कधीही न सोडण्याचा ईश्वरी आदेश झाला होता आणि ही प्रथा जिवंत ठेवण्याचा अधिकार त्यांनी काही निवडक माणसांना दिला होता. चर्चने हा दावा साफ नाकारला. पण सगळी मूलतत्त्ववादी परंपरा याच दाव्यावर उभी आहे. आपण चर्चमधून फुटलो नसून चर्चच मूळ वाटेवरून ढळले, अशी या लोकांची धारणा. जगातील बऱ्याच पंथभेदांच्या मुळाशी हेच वाक्य थोड्याफार फरकाने सापडते.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या आणि चौथ्या दशकांत असे लोक शॉर्ट क्रीकला जमू लागले. एकांत होता, राज्याची सीमा अंगणातून जात होती आणि परिसराला या गोष्टीची जुनी सवयही होती. जवळच्याच पाइप स्प्रिंग येथील मॉर्मन गढीत १८८० च्या दशकात संघीय अधिकाऱ्यांपासून लपणाऱ्या बहुपत्नी कुटुंबांतील स्त्रियांना आसरा मिळत असे. आता मात्र पाठलाग करणाऱ्यांत खुद्द मॉर्मन चर्चही सामील झाले होते. १९३५ मध्ये चर्चने शॉर्ट क्रीकच्या सभासदांकडे निष्ठेच्या प्रतिज्ञापत्रावर सह्या मागितल्या आणि नकार देणाऱ्यांना बहिष्कृत केले. त्याच वर्षी ॲरिझोनाने पहिले खटले भरले, दोघे तुरुंगात गेले. १९४४ मध्ये अनेक राज्यांत एकाच वेळी धरपकड झाली.

या दबावाच्या काळातच, १९४२ साली, गटाच्या नेत्यांनी एक न्यास स्थापन केला : युनायटेड एफर्ट प्लॅन. कल्पना जुनीच होती. सर्वांनी आपली संपत्ती ईश्वरकार्याला अर्पण करावी आणि प्रत्येकाला गरजेप्रमाणे मिळावे, हा जोसेफ स्मिथ यांच्या काळातला आदर्श. शेजारच्या ऑर्डरव्हिल या गावाने १८७५ नंतर काही वर्षे तो खरोखर आचरून पाहिला होता. शॉर्ट क्रीकच्या भाविकांनी जमिनी न्यासाला दिल्या. न्यासाच्या भूखंडावर ज्याने त्याने स्वतःच्या पैशाने, भाऊबंदांच्या श्रमदानाने घर बांधले. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे, तर घर बांधणाऱ्याचे, पण सातबारा न्यासाचा.

त्यावेळी हा व्यवहार कोणालाच धोक्याचा वाटला नाही. जप्तीच्या भीतीखाली जगणाऱ्या समाजाला तो आधारच होता.

१९५३ च्या कारवाईमागेही जमीन आणि कर यांचा एक पदर आहे. गावातली मुले वाढली, तशी शाळा मोठी झाली. शाळेचा खर्च स्थानिक करांतून भागत असे आणि त्या करांचा भार आपल्यावर पडतो, अशी परिसरातील पशुपालकांची तक्रार होती. राज्याने एका खासगी गुप्तहेर संस्थेची माणसे पाठवली. चित्रपटासाठी जागा शोधत असल्याची बतावणी करून त्यांनी गावकऱ्यांची छायाचित्रे टिपली. दोन वर्षे तयारी झाली. गव्हर्नर जॉन हॉवर्ड पाइल यांनी कारवाईच्या सकाळी रेडिओवरून भाषण केले. त्यांच्या लेखी हे राज्याविरुद्धचे बंड होते आणि कोवळ्या वयात लग्नात ढकलल्या जाणाऱ्या मुलींना वाचवणे हा कारवाईचा हेतू होता.

हेतू खोटा नव्हता. अल्पवयीन मुलींची लग्ने होत होती आणि पुढच्या पन्नास वर्षांत ती अधिकच होणार होती. पण ज्या रीतीने कारवाई झाली, तिने सगळी सहानुभूती दुसऱ्या बाजूला ढकलली. पुरुषांना पकडून किंगमनला नेण्यात आले. मुलांना बसमधून शेकडो मैलांवरील फिनिक्स परिसरात हलवले. बहुतेक आया मुलांपासून दूर होण्यास तयार नव्हत्या, त्याही सोबत गेल्या. पाइल यांनी वार्ताहर आणले होते ते सरकारच्या पराक्रमाची नोंद व्हावी म्हणून. छायाचित्रांत मात्र दिसली ती गणवेशातील पोलिसांसमोर उभी असलेली भेदरलेली मुले आणि त्यांना कवटाळलेल्या आया. ‘लाइफ’ साप्ताहिकाने ओस पडलेल्या गावातील एकाकी पुरुषांची चित्रे छापली. मॉर्मन चर्चच्या मालकीच्या ‘डेझरेट न्यूज’ने कारवाईचे समर्थन केले, तर राज्यातील अग्रगण्य दैनिक ‘ॲरिझोना रिपब्लिक’ने टीका केली. शीतयुद्धाच्या त्या काळात आईपासून मूल तोडणारे सरकार म्हटले, की अमेरिकी वाचकाच्या डोळ्यांसमोर वेगळीच राजवट येत असे.

पुरुषांना शिक्षा झाली ती वर्षभराच्या सशर्त सुटकेची. पुष्कळ मुलांना मात्र घरी परतायला दोन वर्षांहून अधिक काळ लागला. सीमेपलीकडे युटाने व्हेरा ब्लॅक या आईच्या आठ मुलांचा ताबा घेण्यासाठी खटला चालवला. १९५५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. बहुपत्नीत्व शिकवणारे घर मुलांच्या वाढीस अपात्र, असा त्याचा आशय. अखेर १९५६ मध्ये बहुपत्नीत्वाचा त्याग करण्याच्या शपथपत्रावर तिने सही केली, तेव्हा मुले परत मिळाली.

पाइल १९५४ ची निवडणूक हरले. पराभवाची आणखीही कारणे होती, पण राजकारण्यांनी त्यातून धडा घेतला तो एकच : शॉर्ट क्रीकच्या वाटेला जायचे नाही. पुढची जवळपास पन्नास वर्षे दोन्ही राज्यांनी तो पाळला.

गावानेही धडा घेतला. बदनाम झालेले नाव १९६० च्या दशकाच्या आरंभी टाकून दिले गेले आणि कोलोराडो सिटी व हिल्डेल ही नावे आली. बाहेरचा माणूस म्हणजे मुले पळवणारा, ही शिकवण प्रत्येक घरात पोहोचली. तिला पुराव्याची गरज नव्हती, कारण बसमधून नेलेली मुले आता स्वतः आईबाप झाली होती. पंथाच्या कोणत्याही प्रवचनाने जमले नसते, ते काम त्या कारवाईने करून ठेवले.

लिरॉय जॉन्सन यांच्या दीर्घ नेतृत्वाखाली गाव शांतपणे वाढले. ओढ्याकाठी शेते, बागा, शाळा, कारखाने उभे राहिले. बायकांचे पायघोळ झगे आणि उंच फुगवलेली केशरचना ही बाहेरच्यांच्या लेखी गावाची ओळख झाली. लग्ने नेत्याच्या आदेशाने ठरत. कोणत्या मुलीचे लग्न कोणाशी, हे ईश्वर नेत्याला सांगतो, अशी श्रद्धा होती. मोजक्याच कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या लग्ने होत राहिल्याने फ्युमरेज या विकराच्या अभावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार येथील मुलांत आढळू लागला. त्यात मेंदूची वाढ गंभीररीत्या खुंटते. जगभरात नोंदलेल्या या आजाराच्या रुग्णांपैकी फार मोठा वाटा या एका वस्तीतला आहे.

आणि एक साधे गणित होते. मुलगे आणि मुली साधारण सारख्याच संख्येने जन्मतात. एका पुरुषाला अनेक बायका हव्यात, तर काही मुलग्यांना गावात जागा असू शकत नाही. चित्रपट पाहिला, मुलीशी बोलला, बाह्या दुमडल्या, अशा कारणांवरून किशोरवयीन मुलांना गावाबाहेर काढले जाई. शिक्षण अपुरे, बाहेरचे जग परके आणि घरचे दार बंद. अशा शेकडो मुलांना अमेरिकी वृत्तपत्रांनी नाव दिले ‘हरवलेली मुले’. खरे तर ती हरवली नव्हती, वाळीत टाकली गेली होती.

येथे न्यासाचा कागद पुन्हा समोर येतो. १९८० च्या दशकात नेतृत्व एका मंडळाकडे असावे की एकाच माणसाकडे, यावरून गावात फूट पडली. असंतुष्ट गट जवळच सेंटेनियल पार्क नावाची वेगळी वस्ती करून राहिला. जे न्यासाच्या जमिनीवर होते, त्यांना नेतृत्वाने सुनावले, की तुम्ही मालक नाही, आमची मर्जी असेल तोवरचे राहणारे आहात. स्वतःच्या हाताने बांधलेल्या घरातून केव्हाही निघावे लागेल, हे लोकांना तेव्हा उमगले. प्रकरण न्यायालयात गेले. १९९८ मध्ये युटाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की घरे बांधणाऱ्यांना अशा रीतीने फुकट हुसकावता येणार नाही.

त्याच वर्षी नेते रुलन जेफ्स यांच्या कारकिर्दीत न्यासाचा दस्तऐवज नव्याने लिहिला गेला आणि न्यासाला धर्मादाय स्वरूप देण्यात आले. न्यासाचे लाभ कोणाला मिळावेत, हे नेतृत्वाच्या मर्जीवर ठेवण्याची ती सोय होती. पण धर्मादाय न्यासावर देखरेख ठेवण्याचा अधिकार राज्याला असतो. किल्ली आपल्या हातात राहावी म्हणून केलेल्या व्यवस्थेतच दुसरी किल्ली सरकारला देऊन टाकली गेली होती. ते ध्यानात येण्यास सात वर्षे लागली.

रुलन जेफ्स २००२ मध्ये वारले. त्यांचा मुलगा वॉरन जेफ्स याने सूत्रे हाती घेतली आणि वडिलांच्या बऱ्याच विधवांशी लग्ने लावून घेतली. त्याच्या काळात दूरदर्शन, इंटरनेट, बाहेरची पुस्तके, लाल रंगाचे कपडे, खेळ, सगळ्यांवर बंदी आली. सरकारी शाळेतून मुले काढून घेण्याचा आदेश त्याआधीच, २००० मध्ये, निघाला होता. जानेवारी २००४ मध्ये भरसभेत त्याने सुमारे वीस पुरुषांची नावे घेऊन त्यांना पंथाबाहेर काढले. त्यांत डॅन बार्लो होते, कोलोराडो सिटीचे पहिल्यापासूनचे महापौर. त्या माणसांनी गाव सोडायचे, घर सोडायचे, बायकामुलांवरचा हक्क सोडायचा. त्यांची कुटुंबे इतरांकडे सोपवली जाणार होती.

त्यांनी सोडलेही. बाहेरून पाहणाऱ्याला हे अशक्य वाटते. पण घर न्यासाचे, न्यास नेत्याच्या हातात, पोलीस पंथाचे, नगरपालिका पंथाची आणि मोक्षसुद्धा त्याच एका माणसाच्या शब्दावर अवलंबून. विरोध करायचा, तर उभे कोठे राहून करायचा? अल्पवयीन मुलींची लग्ने एवढी वर्षे मुकाट का चालली, याच्या उत्तरातही हा प्रश्न येतो. मुलगी नाही म्हणाली, तर तिच्या बापाचे घर जाऊ शकत होते.

२००४ मध्ये हाकलून दिलेल्या मुलांनी आणि अत्याचारग्रस्तांनी नेतृत्वाविरुद्ध आणि न्यासाविरुद्ध दिवाणी दावे केले. जेफ्सचा आदेश होता, की कोणालाही काहीही उत्तर द्यायचे नाही. विश्वस्त न्यायालयात फिरकलेच नाहीत. बचावच नाही म्हटल्यावर दावे एकतर्फी निकाली निघून सबंध गावाची जमीन जाण्याची वेळ आली. तेव्हा युटाच्या महाधिवक्त्यांनी न्यायालयाला सांगितले, की धर्मादाय न्यासाच्या लाभार्थींचे हित धोक्यात आहे. २००५ मध्ये न्यायालयाने विश्वस्तांना दूर करून न्यास ताब्यात घेतला. त्याची मालमत्ता तेव्हा ११ कोटी डॉलरच्या घरात धरली जात होती. शंभर पोलिसांना १९५३ मध्ये जे साधले नव्हते, ते एका दिवाणी अर्जाने साधले, आणि तेही एकाही मुलाला बसमध्ये न घालता.

जेफ्सचे पुढे काय झाले, ते बहुतेकांना ठाऊक आहे. मे २००६ मध्ये एफबीआयच्या दहा प्रमुख फरारींच्या यादीत त्याचे नाव आले, ऑगस्टमध्ये लास व्हेगासजवळ तो पकडला गेला. २००७ मध्ये युटात मिळालेली शिक्षा तांत्रिक कारणाने २०१० मध्ये रद्द झाली. मधल्या काळात, एप्रिल २००८ मध्ये, टेक्सासने पंथाच्या तेथील वसाहतीवर कारवाई करून चारशेहून अधिक मुले उचलली. निमित्त होते एक दूरध्वनी, जो पुढे बनावट निघाला. आठवड्यांतच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सरसकट ताबा अवैध ठरवला आणि मुले परत गेली. १९५३ ची जवळजवळ नक्कलच. फरक एवढाच, की या वेळी जप्त झालेल्या नोंदी आणि ध्वनिफिती फिर्यादी पक्षाच्या हाती राहिल्या. त्यांच्या आधारे बालिकांवरील लैंगिक अत्याचारांसाठी ऑगस्ट २०११ मध्ये जेफ्सला जन्मठेप आणि वर वीस वर्षांची शिक्षा झाली.

गाव मात्र लगेच सुटले नाही. तुरुंगातून आदेश येत राहिले. पंथ सोडलेल्यांना नगरपालिका पाण्याची जोडणी नाकारी, पोलीस त्यांच्या तक्रारींकडे डोळेझाक करीत. २०१२ मध्ये संघीय न्याय विभागाने दोन्ही गावांवर दावा लावला. २०१६ मध्ये फिनिक्सच्या ज्यूरीने दोन्ही गावांना धार्मिक भेदभावाबद्दल दोषी धरले आणि २०१७ मध्ये त्यांच्या कारभारावर न्यायालयाची देखरेख आली. त्याच वर्षी हिल्डेलने डोनिया जेसप यांना महापौर निवडले. पंथातून बाहेर पडलेल्या या बाई गावाच्या पहिल्या महिला महापौर.

न्यास ताब्यात घेतल्यावर न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाने प्रत्येक घरामागे महिना १०० डॉलर शुल्क ठरवले होते. श्रद्धावंतांनी ते भरायचे नाही, कागदावर सही करायची नाही, असा पंथाचा आदेश होता. परिणामी पुढील वर्षांत घराबाहेर काढले गेले ते बहुतांशी श्रद्धावंतच. ज्यांनी चाळीस-चाळीस वर्षे त्या भिंतींत काढली, त्या कुटुंबांचे सामान रस्त्यावर आले आणि त्यांच्या घरांत कधीकाळी हाकललेले लोक राहायला आले. काही जणांनी आपल्याच वडिलांनी बांधलेले घर परत मिळवले. यात न्याय आहे, हे कबूल करावे लागते. पण नव्याने निघालेल्या मोटारींतल्या मुलांच्या लेखी १९५३ ची गोष्ट पुन्हा एकदा खरी ठरली, हेही तितकेच खरे आहे. जनगणनेत २०१० साली दोन्ही गावांची मिळून लोकसंख्या साडेसात हजारांच्या आसपास होती. २०२० मध्ये ती ३६०० च्या आसपास उतरली.

आज तेथे जाणाऱ्याला जेफ्ससाठी बांधलेल्या प्रशस्त वाड्यात पैसे भरून मुक्काम करता येतो. कोलोराडो सिटीत बिअर गाळणारे एक उपाहारगृह आहे. पंथाच्या जुन्या कोठारात सरकारी शाळा भरते.

मालकीहक्काची खते देण्याच्या कामात एक अडचण मात्र अगदी आरंभापासून होती. गाव कधी भूखंडांत विभागलेलेच नव्हते. सगळी जमीन एकाच मालकाची, तेव्हा कोणाचे अंगण कोठे संपते, हे मोजण्याची वेळच आली नव्हती. आधी मोजणी, मग भूखंडांचा नकाशा आणि मग खत. हिल्डेलच्या बाजूला हे काम आधी झाले. कोलोराडो सिटीच्या नगरपालिकेने त्याला वर्षानुवर्षे विरोध केला आणि २०१७ च्या आदेशात न्यायालयाला भूखंडांची ही विभागणी पूर्ण करण्याची सूचना घालावी लागली. त्यानंतर सीमेच्या त्या बाजूलाही एकेका घराच्या कागदावर न्यासाच्या जागी माणसांची नावे लागू लागली, आणि त्यांत बायकांची नावेही होती.